तीनाच्या चार गोळ्या

एप्टॉइन, डायलँटिन, एप्सोलिन ही नावं वेगळी असली तरी आतलं औषध एकच, फेनिटॉइन. फिट्सवर ते चालतं हे १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पटनम यांनी दाखवलं. आज त्याच्यापेक्षा सोयीची औषधं आहेत, तरी हे स्वस्त आहे, तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळतं आणि फिट थांबत नसेल तर शिरेतून देता येतं. म्हणून आपल्याकडे ते घेणारे अजून भरपूर आहेत, आणि बहुतेकांच्या चिठ्ठीवर १०० मिलिग्रॅमची गोळी असते. साहजिकच डोस वाढवायचा म्हणजे ‘अजून एक गोळी’. एकाच्या दोन केल्या, सहसा काही होत नाही. दोनाच्या तीन केल्या, बहुतेकांना चालून जातं. तीनाच्या चार केल्यावर दोन-तीन आठवड्यांत माणूस भिंत धरून चालायला लागू शकतो. मी त्यातून गेलो आहे. ते कसं चढतं, कसं ओळखायचं, रक्त कधी द्यायचं आणि खाली कसं उतरायचं, ते इथे लिहितोय.

चौथी गोळी सुरू झाल्यावर पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. डोस वाढवला, त्रास नाही, म्हणजे सोसला, असं सगळे धरून चालतात. पण या औषधाची रक्तातली पातळी स्थिर व्हायला एरवी आठवडा-दहा दिवस लागतात, आणि डोस जास्त असेल तर तीन आठवडेही लागतात. पातळी रोज थोडी थोडी चढत असते. त्रास दिसायला लागतो तेव्हा डोस वाढवल्याची गोष्ट घरात जुनी झालेली असते आणि त्या दोघांचा संबंध कोणी लावत नाही.

सुरुवात डोळ्यांपासून होते. समोर बघताना ठीक असतं. रस्ता ओलांडताना नजर बाजूला नेली की येणारी गाडी थरथरताना दिसते, कधी एकाच्या दोन दिसतात. हे तपासायला दुसरं माणूस लागतं. डोकं हलवायचं नाही, समोरच्याच्या बोटामागे फक्त नजर बाजूला न्यायची आणि तिथे चार-पाच सेकंद धरायची. बुबुळं हळूच मध्याकडे सरकतात आणि झटक्याने परत बाहेर जातात, परत सरकतात, परत झटका. अगदी कडेला नजर नेली तर दोन-चार हेलकावे निरोगी माणसालाही येतात, म्हणून बोट फार टोकाला नेऊ नये. उजेडात मोबाइल जवळ धरून याचा व्हिडिओ काढून ठेवावा. ओपीडीत दाखवायला तो व्हिडिओ कामाला येतो.

डोळ्यांनंतर चालीचा नंबर. पाय नेहमीपेक्षा फाकवून पडतात, वळताना जास्त झोक जातो, आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना भीती वाटते. घरच्या घरी बघायचं तर फरशीची सांध पुरते. तिच्यावरून एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत दहा पावलं चालायचं, शेजारी कोणी तरी हवंच. साधं चालणं बरं दिसत असतानाही यात पाय बाहेर पडतो. मग हात आणि जीभ. शर्टाचं वरचं बटण लागत नाही, कप उचलला की चहा बशीत येतो, सही बँकेतल्या सहीशी जुळत नाही. बोलणं जड आणि लडबडतं होतं, शब्द तोडून तोडून येतात. डोळ्यांची हालचाल, चाल, हात आणि जीभ यांचा मेळ घालायचं काम लहान मेंदूचं, आणि फेनिटॉइन जास्त झालं की पहिला मार तिथेच बसतो. पुढे पेंग, सुटे पैसे मोजताना चूक, वाक्य अर्ध्यावर हरवणं, विनाकारण चिडचिड किंवा एकदम उदासी. रोज संध्याकाळी वहीत तारीख घालून एकच वाक्य लिहायचं आणि खाली सही करायची. पंधरा दिवसांची पानं शेजारी ठेवली की अक्षर कुठून बिघडायला लागलं ते डॉक्टरांना न सांगता दिसतं.

बाहेरचे लोक हे सगळं बघून काय म्हणतात ते वेगळं सांगायला नको. झोकांड्या, थरथरते डोळे, जड जीभ. रिक्षावाला ‘दादा, जपून’ म्हणतो आणि शेजारी नाक वर करून वास घेतात. पण खरा घोळ दवाखान्यात होतो. चक्कर म्हटलं की मानेचा एक्स-रे निघतो, मणक्यांत थोडीफार झीज चाळिशीनंतर कोणाच्याही सापडतेच, आणि चक्करच्या गोळ्या सुरू होतात. म्हाताऱ्या माणसात हेच वयावर किंवा विसराळूपणावर जातं. मुलात आळशीपणावर, ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून. आणि सगळ्यात वाईट वळण म्हणजे पातळी फार चढली की काहींना उलट फिट्स वाढतात. मग औषध कमी पडतंय असं समजून पाचवी गोळी लिहिली जाते. फेनिटॉइन घेणाऱ्याला नव्याने चक्कर, तोल जाणं किंवा वाढलेल्या फिट्स यांतलं काहीही झालं की आधी रक्तातली पातळी बघावी आणि मग बाकीचं, असं माझं ठाम मत आहे.

आता एका गोळीने एवढं का होतं ते. बहुतेक औषधांचा डोस दुप्पट केला की रक्तातली पातळीही साधारण दुप्पट होते. फेनिटॉइनचं तसं नाही. ते मोडणारं यकृतातलं एन्झाइम मर्यादित आहे, आणि नेहमीच्या उपचाराच्या डोसातच ते जवळजवळ भरून जातं. पिठाच्या गिरणीवर दिवसाला जेवढं दळून होतं त्याहून एक डबा रोज जास्त येऊ लागला तर तो एक डबा रोज शिल्लक राहणार, आणि शिल्लक साठतच जाणार. इथे तसंच.

आकड्यांत बघू. पाठ्यपुस्तकांत प्रौढ माणसासाठी सरासरी अशी देतात की यकृत दिवसाला जास्तीत जास्त किलोमागे ७ मिलिग्रॅम मोडू शकतं, आणि रक्तात ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर पातळी असताना त्याचा वेग निम्मा असतो. साठ किलोच्या माणसाला हे लावलं (१०० च्या गोळीत खरं फेनिटॉइन ९२ धरून) की दिवसाला २०० मिलिग्रॅमवर पातळी येते साधारण ३, ३०० वर ८, ३५० वर १३ आणि ४०० वर २८. हव्या त्या पातळीची हद्द १० ते २०. म्हणजे तीन गोळ्या हद्दीच्या खाली, चार गोळ्या हद्दीच्या पार वर, आणि मधली जागा साडेतीनवर. ४५० घातले तर हिशोबात पातळी लवकर स्थिर होण्याचं नावच घेत नाही. अर्थात ही सरासरी आहे. काहींच्या सीवायपी२सी९ नावाच्या जनुकात फरक असतो आणि त्यांना ३०० सुद्धा जास्त होतात. पण आकृती सगळ्यांची हीच, आधी सपाट आणि मग एकदम उभी. म्हणून तीनशेच्या आसपास आल्यावर पुढची वाढ २५ ते ५० मिलिग्रॅमची असावी लागते. ५० मिलिग्रॅमची गोळी मिळते, ती चिठ्ठीवर लिहून मागायला संकोच करू नये.

माझी ३०० वर पातळी ८ होती आणि फिट येऊन गेली होती, म्हणून ४०० झाले. त्यावर रिपोर्ट आला ३१. हे दोन आकडे वरच्या हिशोबाशेजारी ठेवून पाहावेत.

पातळी आणि लक्षणं यांचं नातं ढोबळ असं: २० च्या वर डोळे हलतात, ३० च्या वर तोल जातो, ४० च्या वर गुंगी आणि गोंधळ. कोणाला १८ वरच चालता येत नाही, कोणी २५ वर सायकल चालवत असतो. रिपोर्टपेक्षा माणसाकडे जास्त बघावं हे खरंच, पण रिपोर्ट तरी नीट काढलेला असावा.

नेहमीच्या तपासणीसाठी रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते फॉर्मवर लिहायला लावायचं. डोस बदलून दोन-तीन आठवडे झालेले असावेत, नाही तर पातळी वाटेवरच पकडली जाते आणि आपण तिला मुक्काम समजतो. त्रास सुरू झालेला असेल तर मात्र ही शिस्त पाळत बसू नये, त्याच वेळी रक्त द्यावं. नळी साध्या लाल झाकणाची, जेल नसलेली असली तर बरं. जेलमध्ये औषध काही प्रमाणात शोषलं जातं आणि आकडा खरा आहे त्याहून कमी येऊ शकतो. परदेशी असणाऱ्यांनी एकक तपासून घ्यावं. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातल्या रिपोर्टमध्ये १० ते २० ऐवजी साधारण ४० ते ८० मायक्रोमोल प्रति लिटर अशी हद्द दिसते. घरच्यांनी पाठवलेला ७० चा आकडा बघून घाबरण्याआधी चारने भागावं.

फेनिटॉइनच्या लेव्हलबरोबर अल्ब्युमिन मागितलं नाही तर तो रिपोर्ट अर्धा. रक्तातलं सुमारे ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं, आणि मेंदूत जातं ते फक्त मोकळं असलेलं. लॅब दोन्ही मिळून मोजते. किडनी-यकृताचा आजार, लांबलेलं आजारपण, वय, गरोदरपण, कुपोषण, यांत अल्ब्युमिन उतरतं. मग एकूण आकडा साधा दिसतो आणि मोकळं औषध वाढलेलं असतं. दुरुस्तीचं एक सूत्र वापरतात: अल्ब्युमिनला (ग्रॅम प्रति डेसिलिटरमधल्या) ०.२ ने गुणायचं, त्यात ०.१ मिळवायचे, आणि मोजलेल्या पातळीला त्याने भागायचं. पातळी १४, अल्ब्युमिन २.५. गुणून-मिळवून आले ०.६, आणि १४ भागिले ०.६ म्हणजे २३. कागदावर १४ बघून ‘नॉर्मल’ म्हटलं गेलेलं माणूस भिंत धरून का चालतंय, ते यात कळतं. डायलिसिसवर असणाऱ्यांना हे सूत्र पुरत नाही. त्यांची मोकळी पातळीच वेगळी मोजून घ्यावी लागते, आणि तिची हद्द १ ते २. फिट्सचंच दुसरं औषध व्हॅलप्रोएट सोबत चालू असेल तरीही तेच, कारण ते फेनिटॉइनला अल्ब्युमिनवरून ढकलून मोकळं करतं.

आता उतरणं. फेनिटॉइन एकदम पूर्ण बंद करण्याची घाई घरच्या घरी कोणी करू नये. पातळी पडताना लागोपाठ फिट्स येऊन त्या न थांबण्याचा धोका असतो, आणि तो झोकांड्यांपेक्षा कितीतरी मोठा. सहसा न्यूरॉलॉजिस्ट एखाद-दोन डोस थांबवायला सांगतात आणि मग आधीच्यापेक्षा थोडा वर, पण त्रास झाला त्याच्या खालचा डोस ठेवतात. माझ्या बाबतीत तो ३५० ठरला. किती डोस थांबवायचे ते पातळी, वजन आणि फिट्सचा इतिहास बघून ठरतं, आणि फोनवर का होईना, डॉक्टरांनीच ठरवायचं. माणूस हाका मारून जागं होत नसेल, उलट्यांमुळे काही पोटात राहत नसेल किंवा पुन्हा पुन्हा पडत असेल तर ॲडमिट व्हावंच. यावर उतारा नाही, सलाइन आणि देखरेख एवढंच असतं, पण डोकं आपटलं नाही ही कमाईच.

उतरतानाही तोच वाकडा हिशोब. वरच्या पातळीवर यकृत दिवसाला ठरावीकच काढतं, म्हणून सुरुवातीचे काही दिवस काही फरक दिसत नाही आणि घरचे धीर सोडतात. हद्दीजवळ आल्यावर मात्र पातळी भराभर पडते. हा टप्पा फिट्सच्या दृष्टीने नाजूक, म्हणून थांबवलेली गोळी परत सुरू करायची तारीख आधीच लिहून घ्यायची. लक्षणं साधारण आली त्याच्या उलट क्रमाने जातात. आधी पेंग उतरते, मग जीभ सुटते, चाल सुधारते, आणि डोळ्यांची थरथर शेवटपर्यंत रेंगाळते. तोवर जिन्याला कठडा धरणं, न्हाणीघरात स्टुलावर बसून अंघोळ, गॅसजवळ एकट्याने उभं न राहणं आणि दुचाकीची किल्ली दुसऱ्याकडे.

डोस बदललेला नसतानाही पातळी चढू शकते, आणि याचे रस्ते ठरलेले आहेत. आपल्याकडचा एक मोठा रस्ता म्हणजे क्षयाची औषधं. आयसोनियाझिड फेनिटॉइन मोडू देत नाही, रिफाम्पिसिन उलट ते भराभर मोडायला लावतं. दोन्ही एकत्र चालू असताना ओढाताण कुठल्या तरी बिंदूवर थांबते. पण रिफाम्पिसिन बंद होऊन एकटं आयसोनियाझिड राहिलं, किंवा घरात क्षयरुग्ण आहे म्हणून प्रतिबंधाचं एकटं आयसोनियाझिड सुरू झालं, की पुढच्या काही आठवड्यांत पातळी वर येते. दुसरा रस्ता गजकर्णाचा. नायटा हटत नाही म्हणून फ्लुकोनॅझोल लिहून दिलं जातं, आणि ते फेनिटॉइनची पातळी ठळकपणे वाढवतं. लघवीच्या संसर्गासाठीचं कोट्रायमॉक्सॅझोल आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरॉन हेही त्याच यादीत. त्वचेच्या डॉक्टरांना फिट्सच्या गोळीबद्दल सांगायचं कोणाच्या लक्षात येत नाही, कारण नायट्याचा आणि मेंदूचा काय संबंध!

कंपनी बदलणं हा तिसरा. १९६८ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला फेनिटॉइन घेणाऱ्या बऱ्याच जणांना एकदम विषबाधेची लक्षणं दिसू लागली. डोस तोच होता. कॅप्सूलमधलं भरणद्रव्य कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज केलं होतं, आणि त्यामुळे औषध जास्त प्रमाणात शोषलं जात होतं. जेनेरिक घेऊ नये असं यावरून काढायची गरज नाही, जेनेरिक चालतं. पण जी कंपनी सुरू आहे तीच ठेवावी आणि बदललीच तर दोन-तीन आठवड्यांनी लेव्हल करावी. मेडिकलवाल्याने ‘तेच आहे, घ्या’ म्हटलं तरी पट्टी उलटून नाव वाचावं.

गोळीवरून सिरपवर जाताना आणखी एक फरक. गोळीत फेनिटॉइन सोडियम असतं, त्याच्या १०० मिलिग्रॅममध्ये खरं फेनिटॉइन ९२. सिरपमध्ये सरळ फेनिटॉइनच असतं. आठ टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण उभ्या चढावर तेवढे पुरतात. शिवाय बाजारात ५ मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आणि १२५ मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदीचं सिरप असतं, बाटलीवरचा आकडा न बघता चमचा मोजला की चौपट. आणि औषध तळाशी बसतं. बाटली नीट न हलवता दिली तर वरवरचं पातळ जाऊन पहिले दिवस मुलाला फिट्स येतात, आणि तळाचं घट्ट जाऊन शेवटचे दिवस ते पेंगतं. महिन्याच्या शेवटी हमखास पेंगणारं मूल दिसलं की बाटली तपासावी.

नाकातून नळी असलेल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी खास. नळीतून दिलेल्या फीडबरोबर फेनिटॉइन नीट शोषलं जात नाही, म्हणून डोसच्या आधी आणि नंतर तास-दोन तास फीड थांबवतात. तरीही पातळी येत नाही म्हणून वॉर्डात डोस वाढवलेला असतो. मग नळी निघते, रुग्ण तोंडाने खायला लागतो, घरी जातो, चिठ्ठीवर मात्र तोच वाढवलेला डोस. डिस्चार्जच्या वेळी ‘नळी निघाली, आता डोस किती?’ हा प्रश्न विचारून घ्यावा.

वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. पातळी फार काळ चढलेली राहिली तर लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशी नष्ट होतात आणि एमआरआयमध्ये लहान मेंदू आकसलेला दिसतो. ती चाल मग गोळी कमी करूनही पूर्ण परत येत नाही. म्हणून ‘थोडं हलतं डोकं, पण फिट नाही ना’ या तडजोडीवर वर्षं काढू नयेत. याच्याबरोबर हिरड्या वाढणं, ड जीवनसत्त्व उतरणं, फोलेट कमी होणं हेही असतं. फोलिक ॲसिड सुरू केलं की फेनिटॉइनची पातळी थोडी उतरू शकते, तेव्हा तेही डॉक्टरांना सांगून.

वारंवार त्रास होत असेल तर औषध बदलण्याचा विषय निघतो, बहुधा लेव्हेटिरासिटामचा. नवीन आधी चढवतात, मग जुनं काही आठवड्यांत पायरी-पायरीने उतरवतात. तोल सुधारतो. पण लेव्हेटिरासिटामचा मेंदूवरचा परिणाम वेगळ्या बाजूने येतो. तापट होणं, भांडणं, रडू येणं, कधी जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार. हे बहुतेक वेळा सुरुवातीच्या आठवड्यांतच दिसतं आणि घेणाऱ्याच्या आधी घरच्यांना जाणवतं, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवावं. फेनिटॉइन निघालं की यकृतावरचा त्याचा रेटाही जातो, आणि ते ज्यांना भराभर मोडायला लावत होतं अशा औषधांची पातळी वाढते. फिट्सचीच लॅमोट्रिजिन आणि व्हॅलप्रोएट, ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी या काळात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) जास्त वेळा करावा.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर औषधाचं नाव आणि कंपनी, सकाळ-संध्याकाळचा डोस मिलिग्रॅममध्ये (गोळ्यांच्या संख्येत नको), शेवटची लेव्हल, त्या दिवशीचं अल्ब्युमिन, आणि रक्त गोळीच्या आधी घेतलं होतं की नंतर.